पूरक आहार आणि श्रावकाचा विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत माझ्याआधी विद्वानांनी स्वाध्यायावर आणि तीर्थक्षेत्रांच्या इतिहासावर अतिशय मौलिक विचार मांडले. माझी पात्रता ती नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस. तरीही संयोजकांनी आग्रह केला तेव्हा मी विषय मागून घेतला. व्यायामानंतर शरीराची झीज भरून यावी म्हणून आपली मुले जी प्रोटीन पावडर, ज्या गोळ्या आणि कॅप्सूल घेतात, त्यांविषयी मला बोलायचे आहे. धर्मसभेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझ्या घरी गतवर्षी जे घडले ते सांगितले म्हणजे त्याचे उत्तर आपोआप मिळेल.

माझा नातू महाविद्यालयात शिकतो आणि कबड्डी खेळतो. लहानपणी मुनिमहाराजांच्या समोर त्याने सूर्यास्तानंतर आहार न घेण्याचा नियम घेतला होता आणि तो पाळीतही होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत त्याच्या कपाटात, कपड्यांच्या मागे लपविलेला एक मोठा काळा डबा सापडला. आत पिवळसर पावडर आणि एक चमचा. चौकशी केली तेव्हा समजले की सराव संध्याकाळी सहा ते आठ असतो आणि संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत हे पेय घेतले नाही तर सगळी मेहनत वाया जाते, असे त्यास जिममध्ये सांगण्यात आले होते. म्हणजे नियम मोडला होता, आणि तोही चोरून.

मी संतापलो. जे बोलू नये ते बोललो. "घराण्याचे नाव घालविलेस" इथपर्यंत माझी मजल गेली. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी तो एवढेच म्हणाला, "अण्णा, माझे चुकले. पण तुम्ही गुडघ्यासाठी रोज सकाळी जी कॅप्सूल घेता, ती कशाची आहे हे एकदा बघाल का?"

बंधुभगिनींनो, ती कॅप्सूल मी तीन वर्षे घेत होतो. दर्शन करून आल्यावर, शुद्ध गाळलेल्या पाण्याबरोबर. बाटली हातात घेऊन, भिंग लावून मी ती प्रथमच वाचली. आत ग्लुकोसामाइन होते. हा पदार्थ बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. बाहेरचे वेष्टन जिलेटिनचे होते. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला पदार्थ. ते औषध म्हणून विकले जात असल्याने त्यावर हिरवे वा तपकिरी चिन्ह नव्हते, कारण औषधांवर ते बंधनकारक नाही. मी कधी विचारले नाही आणि दुकानदाराने कधी सांगितले नाही. ज्याच्या घरात मुळा येत नाही, त्याच्या पोटात तीन वर्षे हे जात होते. पुढे वाचनात आले की 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ह्या ग्लुकोसामाइनचा गुडघेदुखीवर एकंदरीत लक्षणीय लाभ आढळलाच नव्हता. धर्मही गेला आणि गुडघाही राहिला!

त्या रात्री मला झोप आली नाही. नातवाने अज्ञानाने एक नियम मोडला होता. मी अज्ञानानेच त्याहून मोठा दोष केला होता. फरक इतकाच की तो घाबरून लपवीत होता आणि मी निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ठरविले की ह्या विषयाचा अभ्यास एकत्र करावयाचा. त्याने इंग्रजी वाचावे आणि मी हिशेब करावा. त्या अभ्यासाचे सार आज आपणांसमोर ठेवतो.

प्रथम शरीराची बाजू. कठोर व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. विश्रांतीच्या काळात शरीर त्यांची दुरुस्ती करते आणि ते पूर्वीपेक्षा बळकट होतात. आमच्या भाषेत सांगायचे तर हे रफूचे काम आहे, आणि रफूला लागणारा दोरा म्हणजे प्रथिने. हा दोरा आपल्या शाकाहारात असतोच. आमच्या लहानपणी कोल्हापूरच्या तालमींतील मल्लांचा खुराक आम्ही पाहिला आहे. बदाम वाटून केलेली थंडाई, म्हशीचे दूध आणि तूप. मांसाहार न करणारे मल्लही ह्याच खुराकावर लाल मातीत घाम गाळीत. व्यायामानंतर काही घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. डबा तेवढा नवा आहे.

दोरा किती लागतो, हा पुढचा प्रश्न. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी 2020 साली सर्वसाधारण प्रौढासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. नातवाचे वजन 65 किलो. म्हणजे त्यास साधारण 54 ग्रॅम. खेळाडूस अधिक लागतात, हे खरे आहे. क्रीडापोषणाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 साली किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम असे प्रमाण दिले. आपल्या पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत नमूद केले की 1.6 ग्रॅमच्या पुढे गेल्याने व्यायामाच्या लाभात आणखी भर पडत नाही. आणि शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे, असाही सल्ला दिला. 1.6 धरले तर नातवास रोज 104 ग्रॅम झाले.

आता त्या अर्ध्या तासाविषयी, कारण आमच्या घरातील सारा कलह त्या अर्ध्या तासाचा होता. व्यायामाने स्नायूंना जी चालना मिळते ती किमान चोवीस तास टिकते, असे अभ्यासक सांगतात. त्यामुळे दिवसभरात एकूण किती प्रथिने मिळाली आणि ती तीन-चार आहारांत विभागली गेली की नाही, ह्याला महत्त्व अधिक. अर्धा तास चुकला म्हणून मेहनत मातीमोल होत नाही. सरावापूर्वी घेतलेला आहारही नंतर उपयोगी पडतो. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असते, जे सावकाश पचते; उरलेले सुमारे 20 टक्के व्हे, जे लवकर पचते. सूर्यास्तापूर्वी घेतलेले दूध वा पनीर रात्री बराच वेळ शरीरास पुरवठा करीत राहते. निजण्यापूर्वी प्रथिने घेतल्यास काही लाभ होतो असे सांगणारे प्रयोगही आहेत, हे मी लपवीत नाही. पण एकूण प्रमाण पुरेसे असले तर रात्रिभोजनत्यागाने खेळाडूचे मोठे नुकसान होते, असे आम्हांस कोठे आढळले नाही.

नातवाने मग सराव शक्य तितका सकाळी घेतला. संध्याकाळी जावेच लागते त्या दिवशी तो निघण्यापूर्वी जेवतो. जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो तेव्हा अडचण नसते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास मावळतो तेव्हा साडेचारलाच ताट वाढावे लागते, आणि भरल्या पोटी खेळणे त्यास आजही जड जाते. ही अडचण पूर्ण सुटलेली नाही. त्याचा नियम आहाराचा आहे, पाण्याचा नाही, म्हणून निभावते. ज्यांचा रात्री पाण्याचाही त्याग आहे त्यांनी घाम गाळणारा व्यायाम दिवसाच करावा. तहान मारून खेळणे धोक्याचे आहे.

आता डब्यात काय असते ते पाहू. व्हे हे चीज तयार करताना उरणाऱ्या पाण्यापासून मिळते. दूध फाडताना निघणारे पाणी आपल्या भगिनींना परिचित आहेच. परंतु चीजसाठी दूध साकळण्यास रेनेट वापरतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असते. आज सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. पण परदेशी मालात कोणते वापरले, हे डब्यावरून कळतेच असे नाही. नातवाने कंपनीला पत्र लिहून विचारले. आठ दिवसांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेट असल्याचे लेखी उत्तर आले. विचारले तर उत्तर मिळते, हा एक धडा.

इतर वस्तूंचेही थोडक्यात सांगतो. कोलॅजेन हे जनावरांच्या वा माशांच्या कातडी-हाडांचेच. ओमेगा-3 च्या कॅप्सूल बहुधा माशांच्या तेलाच्या, परंतु शैवालापासून केलेल्याही मिळतात. ड जीवनसत्त्वाचा डी-3 हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिन ह्या स्निग्ध पदार्थापासून करतात. बीसीएए नावाची अमिनो आम्ले पूर्वी पिसे व केसांपासून काढीत. आता किण्वनानेही होतात, म्हणून विचारून घ्यावे. क्रिएटिनची गंमत उलटी आहे. निसर्गात ते मांसात आढळते, म्हणून आपली माणसे दचकतात. परंतु बाजारातील पावडर रासायनिक क्रियेने केलेली असते, तीत प्राण्याचा अंश नसतो. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, आणि ज्या मोजक्या पूरकांचा उपयोग अभ्यासांनी मान्य केला आहे त्यांत ते येते. बिटाच्या रसाचेही नाव त्या यादीत आहे, पण ते कंदमूळ. त्यातील नायट्रेट पालेभाज्यांतही असते. कॅप्सूलच्या वेष्टनाला जिलेटिनऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजचा पर्याय आहे. ते लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरील आखूड तंतूंपासून करतात. म्हणजे ती कॅप्सूल एका परीने आमच्या कापडाचीच बहीण!

"हिरवे चिन्ह पाहिले की झाले," असे पुष्कळजण म्हणतात. चिन्ह अवश्य पाहावे. 2020 च्या नियमांनुसार शाकाहारासाठी चौकोनात हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. परंतु कायद्याचा शाकाहार आणि श्रावकाचा शाकाहार एक नव्हे. कायद्याने मध शाकाहारात बसतो. आपल्या अष्टमूलगुणांत मद्य, मांस व मधु ह्यांचा त्याग पहिल्याच पायरीवर सांगितला आहे. खेळाडूंसाठी निघणाऱ्या अनेक वड्यांत मध असतो, आणि त्यांवर हिरवे चिन्ह असते. तीच गोष्ट द्विदलाची. वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर कच्च्या दुधात वा ताकात घुसळली तर द्विदलाचा दोष उभा राहतो. ह्यांतील बारकावे मुनिमहाराजांना विचारावेत. तो अधिकार माझा नाही. चिन्ह हे उंबरठ्यापर्यंत आणते. आत काय घ्यायचे हे आपल्यालाच वाचून ठरवावे लागते.

आता शुद्धतेची गोष्ट, आणि येथे माझा धंदा उपयोगी पडला. सैल विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की ते हाताला भरदार लागते. गिऱ्हाईक खूश होते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि खरे कापड दिसते. प्रथिनांच्या बाबतीतही असेच करता येते. पदार्थातील नत्र मोजून त्यावरून प्रथिनांचा आकडा काढण्याची पद्धत आहे. म्हणून ग्लायसीन, टॉरीन अशी स्वस्त द्रव्ये मिसळली की नत्र वाढते आणि कागदावर प्रथिनेही वाढतात. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हीच लबाडी झाली आणि तान्ही मुले दगावली. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन पूरकांची तपासणी 2024 साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे 70 टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची होती, आणि सुमारे 14 टक्क्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन सापडले.

खेळाडूला ह्याहून एक मोठा धोका आहे. ऑलिम्पिक समितीच्या साहाय्याने जर्मनीतील कोलोन येथे 13 देशांतील 634 पूरके तपासली गेली, त्यांतील 94 मध्ये वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकजन्य द्रव्ये निघाली. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोष आढळला तर "मला ठाऊक नव्हते" एवढे म्हणून सुटका होत नाही. शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूचीच. हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला माझी कॅप्सूल आठवली. अजाणतेपणाची सबब मीही स्वतःला देऊन पाहिली होती.

आता हिशेब. आमचा डबा एक किलोचा, अडीच हजार रुपयांचा. 30 ग्रॅमच्या चमच्यात 24 ग्रॅम प्रथिने, म्हणजे डब्यात 800 ग्रॅम. एका ग्रॅमला 3 रुपये 12 पैसे पडले. त्याच आठवड्याच्या आमच्या बाजारभावाने पनीर 400 रुपये किलो, म्हणजे ग्रॅमला सव्वादोन रुपयांच्या आत. दूध 60 रुपये लिटर, म्हणजे पावणेदोन ते दोन रुपये. शेंगदाणे 150 रुपये किलो, म्हणजे 62 पैसे. फुटाणे 120 रुपये किलो, म्हणजे 60 पैसे. न्यायाने हेही सांगावे लागेल की दुधाची प्रथिने अधिक पूर्ण असतात, कडधान्याची एकेकटी तितकी नसतात. पण आपल्या आजीने डाळीबरोबर भात आणि उसळीबरोबर भाकरी वाढली, तेव्हा एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढलीच होती.

सूनबाईंनी मग नातवाचे दिवसाचे ताट मांडले. अर्धा लिटर दूध, त्याची 16 ग्रॅम प्रथिने. फुटाणे 50 ग्रॅम, त्याची 10. शेंगदाणे तितकेच, त्याची 12. डाळ 60 ग्रॅम, त्याची 14. मोड न आणता शिजविलेली हरभऱ्याची उसळ, कच्चे वजन 70 ग्रॅम, त्याचीही 14. पनीर 100 ग्रॅम, त्याची 18. पोळी-भाकरीचे पीठ पाव किलो, त्याची 26. बेरीज 110 झाली. 104 हवी होती. सगळे सूर्योदय ते सूर्यास्त, चार वेळांत विभागून, उसळीच्या वेळी ताक न घेता. हा कागद आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला आजही चिकटविलेला आहे.

म्हणून काय पावडर वर्ज्य? मी तसे म्हणणार नाही. प्रवासात, स्पर्धेच्या गावी, जेथे आपले जेवण मिळत नाही तेथे, नीट पारखून घेतलेला एक चमचा उपयोगी पडतो. नातू तो तेवढ्यापुरता घेतो, आणि आता डबा फडताळात समोर असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत, क्रिएटिनही घेऊ नये. शुद्ध शाकाहारात ब-12 ची उणीव पडू शकते. त्याची तपासणी करून घेण्यात कमीपणा मानू नये. उपवासाच्या काळात व्यायाम हलका ठेवावा. आणि सात-आठ तासांची शांत झोप, जी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, तिला पर्याय नाही.

वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मुलांना "हे खाऊ नको" असे सांगणे सोपे आहे. मीही तेच केले. परंतु खेळून दमलेल्या मुलाला नुसता निषेध वाढून पोट भरत नाही. सूर्यास्तापूर्वी घरी ताट तयार ठेवणे हे नियम पाळण्याइतकेच धर्माचे काम आहे. आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या मुलांना ह्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून सूर्यास्तापूर्वीचे सकस भोजन मिळेल अशी काही सोय करता आली, तर एखाद्या मुलाला तरी डबा कपड्यांमागे लपवावा लागणार नाही. विश्वस्तांनी ह्याचा अवश्य विचार करावा.

आणि तरुणांनो, तुम्ही वाचता, तुम्हांला इंग्रजी येते. घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या बाटल्या एकदा वाचून पाहा आणि नम्रपणे विचारा. मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणाचेही औषध बंद करू नका. माझी गुडघ्याची कॅप्सूल डॉक्टरांच्या संमतीनेच बंद झाली. त्यांनी व्यायाम सांगितला, तो मी सकाळी करतो आणि नातू चुका काढतो.

त्याने मुनिमहाराजांच्या समोर जाऊन झालेली चूक सांगितली, प्रायश्चित्त घेतले आणि नियम पुन्हा घेतला. त्याच्या शेजारी बसून मीही माझे प्रायश्चित्त घेतले. आम्हा दोघांना मिळालेला उपदेश एकच होता : जे ग्रहण कराल ते जाणून करा. तोच आपणांसमोर ठेवून मी रजा घेतो.

जय जिनेंद्र.